वायकॉफ सरांचे तीन प्रश्न

हार्लन वायकॉफ भित्रा माणूस होता, असं आमच्या गावात आता कोणीही उठतं आणि म्हणतं. न्हाव्याच्या दुकानात म्हणतात, चर्चमधल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला म्हणतात, आणि ज्यांना त्यांनी राज्यघटना शिकवून पास केलं ते तर सगळ्यात मोठ्याने म्हणतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी व्हर्ना स्टिकली. या हायस्कुलाच्या ऑफिसात सव्वीस वर्षं बसते आहे, त्यातली एकोणीस वर्षं सरांच्या दारासमोर. त्यांच्याकडे कोण रडत गेलं आणि कोण हसत बाहेर आलं, सगळं माझ्या टेबलावरून दिसतं. ते भित्रे नव्हते. काय होते ते सांगते, मग तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.

त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत होते. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला हा पहिलाच. पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरात तेव्हा शिकलेला पोरगा एकतर पिट्सबर्गला पळायचा नाहीतर आईबापांना लाजायचा, पण हे परत आले आणि शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायला लागले. बायको नदीन, मूलबाळ नाही, सशांच्या शिकारीची दोन कुत्री. जेवणाला रोज तेच हॅमचं सँडविच, एक आंबवलेली काकडी आणि थर्मासमधली काळी कॉफी. इतका सरळ माणूस की शाळेचा स्टेपलर घरी नेला तर चिठ्ठी ठेवून जायचे.

त्यांची एक पद्धत होती. दर सप्टेंबरात पहिल्या आठवड्यात ते वर्गासमोर उभे राहायचे, हातातलं घड्याळ टेबलावर ठेवायचे आणि सांगायचे, एक मिनिट माझी निंदा करा. तोंडाला येईल ते बोला. पोरं आधी खाली बघायची, मग कोणीतरी म्हणायचं, सर, तुमच्या पँटी आखूड आहेत. मग दुसरं म्हणायचं, तुमचं नाक बटाट्यासारखं आहे. मग सुरूच. टकलावर, बायकोवर, मूल नाही त्यावरसुद्धा. सर उभेच. मिनिट संपलं की घड्याळ हातात घालून विचारायचे, कोणाला शिक्षा झाली? कोणाला नाही ना? मग हा हक्क तुमचा आहे, सरकारने दिलेला नाही आणि शाळेने तर नाहीच नाही. आता तो कुठे संपतो ते वर्षभर शिकू. मी एकदा त्यांना म्हटलं, अहो, पोरं बायकोपर्यंत जातात, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? म्हणाले, वाटतं ना, पण गोड बोलण्याला संरक्षण लागतच नाही, व्हर्ना. मला ते तेव्हा फार मोठं वाटलं होतं.

पुढे ते सहाय्यक मुख्याध्यापक झाले, म्हणजे शिस्तीचं खातं त्यांच्याकडे आलं. मिनिटाचा तो एक तास मात्र दरवर्षी जाऊन घ्यायचेच. आणि मग नऊ वर्षांपूर्वी ते प्रकरण झालं. एका पोराने घरी बसून, आजीच्या कॉम्प्युटरवर, आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांच्या नावाने एक खोटं पान काढलं. त्यात मुख्याध्यापक दारू पिऊन बसच्या डिकीत झोपतात वगैरे चावटपणा होता. मुख्याध्यापक भडकले, वरून फोन आला, आणि सरांनी दहा दिवसांच्या निलंबनावर सही केली. पोराच्या आईने सरळ फेडरल कोर्ट गाठलं. शाळा हरली. न्यायाधीश म्हणाले, घरी बसून केलेली थट्टा आहे, शाळेचं काम त्याने अडलं नाही, शाळेला तिथे नाक खुपसायचं कारण नाही. सगळ्या गावासमोर जिममध्ये माफी वाचायची वेळ आली. मुख्याध्यापक तोवर दुसऱ्या जिल्ह्यात नोकरी धरून मोकळे झाले होते, म्हणून ती माफी वाचली सरांनी.

हरल्याचं त्यांना दुःख नव्हतं. दुःख हे, की निकाल त्यांना पटला होता. हेच मी पोरांना शिकवतो आणि मीच सही केली, असं ते मला कितीतरी वेळा म्हणाले. त्यानंतर शाळा चालवणाऱ्या बोर्डाच्या वकीलबाईंनी त्यांना एक कागद दिला. त्यावर तीन प्रश्न. कुठून लिहिलं? कधी लिहिलं? आणि त्याने शाळेचं काम बिघडलं का? घरून लिहिलं आणि शाळा सुटल्यावर लिहिलं, तर सगळं तिसऱ्या प्रश्नावर. तिथे पुरावा लागायचा: मारामारी, थांबलेला तास, घसरलेले मार्क, किंवा त्याच कारणाने सलग तीन दिवस गैरहजेरी. सरांनी तो कागद टेबलाच्या काचेखाली घातला आणि तीन प्रश्न पोरांनाही शिकवायला लागले. दरवर्षी, त्या मिनिटाच्या तासानंतर. नियम लपवून शिक्षा करणं म्हणजे सापळा लावणं, असं त्यांचं मत. मी म्हटलं होतं, सर, कुलूप दाखवा, पण किल्लीचा साचा कशाला दाखवता? ते हसले. आता वाटतं, तेव्हा जरा भांडायला हवं होतं.

लेनोरा टिबेट्स दहावीत होती. तिचा बाप ओरिन टिबेट्स मैल्याच्या टाक्या उपसतो. आमच्याकडे गावाबाहेर गटार नाही, प्रत्येकाच्या अंगणात टाकी. ओरिन त्याचा हिरवा टँकर घेऊन येतो, नळी टाकतो, उपसतो, झाकण नीट बसवतो आणि जातो. कोणाच्या टाकीतून काय निघतं ते त्याने आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि विश्वास ठेवा, निघतं बरंच काही. आई नाही. शनिवारी लेनोरा नळी धरायला जायची. तिच्या अंगाला वास येत होता का? खरं सांगते, येत होता. लिंबाच्या साबणाचा, आणि तोही जरा जास्तीच.

ऑक्टोबरात पोरांच्या फोनवर एक पान निघालं, ‘टिबेट्स हवामान’. कोल्बी राइनहार्ट नावाचा पोरगा त्यात रोज हवामानाचा अंदाज सांगायचा, टीव्हीवर सांगतात तसा, नकाशासमोर उभा राहून. नकाशा म्हणजे आमच्या शाळेचा. उद्या दुपारी विज्ञानाच्या खोलीत दाट ढग. तिसऱ्या रांगेत बसणाऱ्यांनी रुमाल जवळ ठेवावा. परवा वारा जिमच्या दिशेने. पोरगा देखणा, आवाज गोड, वाक्यात कुठे शिवी नाही. त्याच्या बापाचं मोटारींचं मोठं दुकान आहे आणि फुटबॉलच्या मैदानावरचा गुणफलक त्यांनीच दिलेला. माझ्यासाठी रोज सकाळी दार उघडून धरायचा. गुड मॉर्निंग, मिसेस स्टिकली. माझ्या तोंडून आपोआप निघायचं, गुड मॉर्निंग, बाळा.

शाळा सुटते दोन पन्नासला. अंदाज यायचा तीनला, त्याच्या घरातून. शाळेच्या आवारात कोणी एक शब्द बोलायचं नाही, तिला धक्का नाही, चिठ्ठी नाही. फक्त ती वर्गात शिरली की कोणीतरी उठून खिडकी उघडायचं. आमच्याकडे नोव्हेंबरात पाणी गोठतं. शिक्षक म्हणायचे, खिडकी लावा. पोरगं म्हणायचं, हो सर, आणि लावायचं. खिडकी उघडल्याबद्दल कोणाला काय शिक्षा करणार? आणि दोनशे पोरं रोज रात्री त्या अंदाजाखाली हसण्याची चित्रं टाकत होती.

लेनोरा ऑफिसात आली ती तिसऱ्या आठवड्यात. रडत नव्हती. फोन सरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, हे बंद करता येईल का? एवढंच तिला हवं होतं. कोल्बीला शिक्षा नको होती, त्याने माफी मागायला नको होती, नुसतं ते पान बंद व्हायला हवं होतं. दार उघडंच होतं. सरांनी सगळे अंदाज पाहिले, एकूण एक, आणि त्यांचं टक्कल लाल झालेलं मला दिसलं. मग त्यांनी प्रश्न विचारले. पहिल्या दोनांची उत्तरं फोनवरच होती. तिसऱ्यासाठी विचारलं, किती दिवस आली नाहीस? ती म्हणाली, मी रोज येते. मार्क? ए. कधी तासातून उठून गेलीस? नाही. रडलीस, ओरडलीस, कोणाला मारलंस?

"नाही सर," ती म्हणाली. "मी काहीच केलं नाही."

आणि तिथेच गाडी अडली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार द्यायचा, आणि वर विचारायचं की आवाज कुठे झाला! माझ्या हातातली पेन्सिल मोडली. पण सरांना दोष कसा देऊ? त्यांनी कोल्बीला बोलावलं, तासभर समजावलं. तो हात जोडल्यासारखा बसला होता. म्हणाला, सर, घरून करतो, शाळेनंतर करतो, आणि काम बिघडलं का ते तिलाच विचारा, ती तर वर्गात पहिली येते. उद्धटपणे नाही हं, धडा म्हणून दाखवावा तसं. बापाला फोन केला तर बाप म्हणाला, पोरं आहेत, विनोद आहे, आणि माझ्या वकिलाचा नंबर हवा का? ज्या कंपनीवर ते पान होतं तिला सरांनी तीनदा कळवलं. उत्तर आलं की पान विनोदी सदरात मोडतं. पोलिसाला विचारलं. तो म्हणाला, धमकी कुठे आहे यात?

मग सरांनी त्यांना येत होतं ते केलं. लेनोराला सांगितलं, शब्दाला शब्दाने उत्तर दे. तोच उपाय आहे, तूही लिही. ती दोन दिवस विचार करत होती. शेवटी तिने एकच ओळ लिहिली: माझे वडील तुमच्या सगळ्यांच्या घरी येतात, आणि तुमचं सगळ्यांचं सारखंच असतं. मला विचाराल तर यापेक्षा चांगलं आमच्या गावात शंभर वर्षांत कोणी लिहिलेलं नाही. पण झालं उलटंच. कोल्बीने ती ओळ मोठ्या अक्षरांत छापली आणि खाली टाकलं, ताजी बातमी, टिबेट्सबाईंनी गावच्या मैल्याची तपासणी पूर्ण केली. त्या रात्री दोनशेचे पाचशे झाले. शेजारच्या गावच्या शाळाही आल्या. ओरिनच्या गिऱ्हाइकांपैकी दोन घरांनी टाकी उपसायला दुसरा माणूस बोलावला, कारण त्याची पोरगी घरातलं बाहेर सांगते.

थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी आमच्या शाळेला सुट्टी असते, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस म्हणून. त्याच्या आदल्या शनिवारी राइनहार्टांची टाकी भरली. पाहुणे आलेले, त्यामुळे घाई. ओरिन गेला, बरोबर लेनोरा. ती नाही म्हणाली असती तर त्याने आग्रह केला नसता, पण ती नाही म्हणणाऱ्यांतली नव्हती. नळी ओढताना तिचा पाय घसरला आणि ती टाकीच्या काठाच्या चिखलात गुडघ्यांवर पडली. कोल्बी स्वयंपाकघराच्या खिडकीत फोन धरून उभाच होता, आणि ते चित्रण त्याने पानावर टाकलं. स्वतःचं घर, शनिवार, स्वतःची खिडकी. मागून पाहुण्यांच्या हसण्याचा आवाज, कोणीतरी बाई म्हणते आहे, बिचारी, आणि हसते आहे.

सोमवारी सगळे पुरुष जंगलात आणि सगळी पोरं फोनवर. मंगळवारी सकाळी मला सरांसाठी ते सगळं कागदावर छापायचं होतं. खाली हसणाऱ्यांची नावं होती, ओळीने. त्यात मॅडी स्टिकली, माझी नात. मी कागद तसाच सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी जाऊन मॅडीला मी बोल बोल बोलले. ती म्हणाली, आजी, सगळेच हसले ना.

त्या मंगळवारी लेनोरा शाळेत आली. मी तिला बसमधून उतरताना पाहिलं. ताठ, केस विंचरलेले, पुस्तकं छातीशी. ती जसजशी पुढे जात होती तसतशा सगळ्या कॉरिडॉरच्या खिडक्या उघडत होत्या, एकेक करून, अगदी शांतपणे. बाहेर बर्फ पडत होता. सर कॉरिडॉरच्या टोकाला उभे होते. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. एकोणीस वर्षांत मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं. त्यांची हनुवटी थरथरत होती.

दुपारी त्यांनी तिला बोलावलं आणि दार लावून घेतलं, पण आमचं ते दार काय लागतं, पुठ्ठ्याचं. ते म्हणाले, उद्यापासून तीन दिवस घरी राहा.

"का? मी आजारी नाही," ती म्हणाली.

सरांनी समजावून सांगितलं. तीन दिवस गैरहजेरी झाली की शाळेचं काम बिघडलं असं कागदावर येईल, मग माझे हात मोकळे. ती म्हणाली, मी आले नाही तर ते म्हणतील, गेली. सर म्हणाले, म्हणू देत, तीनच दिवस, सोमवारी तू येशील तेव्हा ते पान नसेल. माझा शब्द. मग तिने विचारलं, हे बरोबर आहे का? आणि ते म्हणाले, हो.

तोच तो माणूस, स्टेपलरची चिठ्ठी ठेवणारा! त्याला ते हो म्हणताना काय झालं असेल! आणि मी? मी खूश झाले. लपवत नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार तिच्या नावापुढे गैरहजर लिहिताना मला गुदगुल्या होत होत्या. शुक्रवारी दुपारी कोल्बीचं पाच दिवसांचं निलंबन मी स्वतः टाइप केलं आणि घरी जाऊन त्या आनंदात कोबी घातलेल्या नूडल्सचं मोठं पातेलं रांधलं. रात्री पान बंद झालं. सोमवारी लेनोरा आली. एकही खिडकी उघडली नाही. जेवणाच्या सुट्टीत दोन मुली तिच्या टेबलावर जाऊन बसल्या. सगळा एक आठवडा असा गेला. तो आठवडा तिला मिळाला, एवढं तरी लिहून ठेवते.

मग राइनहार्टांनी सुनावणी मागितली. आमच्याकडे ती शाळेच्या लायब्ररीत होते. बोर्डाचे पाच जण लांब टेबलाला, बाकीचे छोट्या पोरांच्या खुर्च्यांत, आणि मी कोपऱ्यात टिपणं घ्यायला. राइनहार्टांचा वकील पिट्सबर्गहून आलेला, हळू बोलणारा. ओरिन धुतलेला शर्ट घालून टोपी मांडीवर ठेवून बसला होता. आत जाण्याआधी लेनोराने सरांना विचारलं, मी काय सांगू? मला वाटलं, आता तरी सांगा हो, एवढं एक वाक्य तिच्या तोंडात घाला: मला सहन झालं नाही म्हणून मी घरी बसले. काय खोटं होतं त्यात? पण सर म्हणाले, विचारतील तेवढंच सांग. यापलीकडे त्यांची जीभ वळेना.

वकिलाने आधी कौतुक केलं. एवढी हुशार मुलगी, एकही खाडा नाही. मग हेच तीन दिवस खाडा कसा झाला? बरं नव्हतं?

"नव्हतं तसं काही."

मग शाळेत यायची भीती वाटली?

मी मनात म्हणत होते, हो म्हण, पोरी, हो म्हण. तिने वडिलांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं नाही.

"नाही. मी येणार होते," ती म्हणाली. "वायकॉफ सरांनी सांगितलं, राहा घरी."

बोर्डाच्या वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. वकिलाने सरांना विचारलं, हे खरं आहे का? आणि आता नीट ऐका, भित्रा म्हणणाऱ्यांनो. तो माणूस म्हणू शकत होता की मुलीचा गैरसमज झाला. बोर्डाने त्यांच्यावर विश्वास ठेवला असता, पाचही जण ठेवायला टपले होते. मैलावाल्याच्या पोरीचा शब्द एकीकडे आणि त्यांची तीस वर्षं एकीकडे. सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, खरं आहे. काम बिघडल्याचा पुरावा मी तयार केला. तिचा त्यात काही दोष नाही. आणि खाली बसले.

वीस मिनिटांत निकाल. निलंबन पुसून टाकायचं, राइनहार्टांना माफीचं पत्र, वायकॉफ सरांकडून शिस्तीचं खातं काढून घ्यायचं. वर्ष संपेपर्यंत बसचं वेळापत्रक आणि हरवलेल्या वस्तू. बोर्डाच्या एका बाईंनी लेनोराला म्हटलं, तू खरं बोललीस याचा आम्हाला अभिमान वाटतो. त्या बाईंच्या झिंज्या उपटाव्यात असं मला वाटलं. ओरिनने विचारलं, मग ते पान? त्यावर बोर्डाचे अध्यक्ष म्हणाले, साहेब, तो आता शाळेचा विषय राहिलेला नाही.

पान त्याच रात्री परत आलं. पहिला अंदाज असा: मध्यंतरी सलग तीन दिवस शाळेची हवा स्वच्छ राहिली, हा विक्रम आहे, याबद्दल श्री. वायकॉफ यांचे जाहीर आभार. सोय पुन्हा करावी ही विनंती. याखाली किती जण हसले ते मी मोजलं नाही. मॅडीचं नाव शोधायचीही माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी लेनोरा आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. सर बसच्या याद्या हातात घेऊन रोज सकाळी माझ्या टेबलापाशी यायचे आणि हजेरीच्या कागदावर बोट फिरवायचे. टी अक्षरापाशी थांबायचे. शुक्रवारी ते ओरिनच्या घरी जाऊन आले. ती दारात आली नाही म्हणाले. ओरिनने कॉफी दिली, दोघे स्वयंपाकघरात बसले, शिकारीबद्दल बोलले.

ख्रिसमसच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी ओरिन तिला घेऊन ऑफिसात आला, नाव काढायला. आता घरीच शिकणार. मी कागद पुढे केले. कारणाच्या रकान्यात ‘कौटुंबिक’ असं मीच लिहून ठेवलं होतं, सगळ्यांचं तेच लिहितो आम्ही. ओरिन ओठ हलवत प्रत्येक ओळ वाचत होता. लेनोराने शाळेची पुस्तकं टेबलावर रचून ठेवली, सगळ्यांना तपकिरी कागदाची कव्हरं घातलेली. मी तिला म्हटलं, बाळा, माझ्या नातीचं... ती म्हणाली, ठीक आहे, मिसेस स्टिकली.

सर त्यांच्या खोलीतून बाहेर आले. किती बारीक झाले होते! ते म्हणाले, लेनोरा, मी तुझ्या भल्यासाठीच.

"माहीत आहे, सर," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साधं, विचारलेल्याचं उत्तर द्यावं तसं. "मला रोज येता येत होतं. सकाळी पोटात दुखायचं, बसमध्ये घाम यायचा, पण येता येत होतं. घरी राहता येतं हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. त्या तीन दिवसांत आलं. आता सकाळी उठते आणि पाय उचलतच नाहीत."

सरांनी मान हलवली. ओरिनने टोपी डोक्यावर घातली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. सरांनी खिशातून पेन काढलं आणि खाली जिथे शाळेच्या माणसाने सही करायची असते, तिथे सही केली.